एक्झिट पोलवर किती विसंबावं, आणि नेत्यांना मशीन किती कळतं?

प्रश्न एका तरुण कार्यकर्त्याचा आहे. त्याचं म्हणणं असं: २०२४च्या लोकसभेला पोलवाल्यांनी चारशेच्या गोष्टी केल्या आणि तोंडघशी पडले. हरियाणात पुन्हा तेच झालं. महाराष्ट्राच्या विधानसभेला एवढी मोठी लाट आली, तिचा आकारही त्यांना सांगता आला नाही. मग हे अंदाज बघायचेच कशाला? आणि दुसरं, निकाल लागला की ईव्हीएमबद्दल छातीठोक बोलणाऱ्या नेत्यांना ते यंत्र खरंच कळतं का?

मी वीसेक वर्षं निवडणुकांच्या सर्व्हेत काम करतो आहे. आधी गावोगाव फिरून फॉर्म भरले, मग पथकं सांभाळली, आता आकडेमोड बघतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. नमुन्यावरून काढलेला आकडा किती चुकू शकतो हे वाहिनी सांगत नाही, आणि तो आकडा विकत घेणारा नेता विचारत नाही. मग अंदाज चुकला की दोनच निष्कर्ष उरतात: अंदाजवाल्यांनी पैसे खाल्ले, नाहीतर मशीनमध्ये गडबड झाली. तो अंदाज मुळात तेवढा पक्का नव्हताच, ही शक्यता कुणी बोलून दाखवत नाही.

जागांपासून सुरुवात करू. २०१९ला भाजपला देशभरात ३७.३६ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ला ३६.५६ टक्के मतं, जागा २४०. मतं एक टक्कासुद्धा घटली नाहीत आणि ६३ जागा गेल्या. कारण मतं कुठे वाढली आणि कुठे घटली याला महत्त्व असतं. तामिळनाडूत त्यांची मतं चांगली वाढली, जागा एकही आली नाही. उत्तर प्रदेशात ६२वरून ३३वर आले. आमच्या धंद्यात मतांची टक्केवारी एका टक्क्याच्या फरकाने बरोबर आली तर ते उत्तम काम समजतात. पण तेवढ्याच फरकात सरकार एकहाती येतं की टेकू घेऊन येतं हे ठरतं. १ जूनच्या संध्याकाळी, शेवटचं मतदान संपल्यावर, एका मोठ्या संस्थेने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, दुसरीने थेट चारशेच्या आसपास. निकाल २९३.

महाराष्ट्रात तर चित्र आणखी बारीक होतं. लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती, दोघांनाही साधारण ४४-४४ टक्के मतं पडली. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आतला. जागा मात्र ३० आणि १७, आणि सांगलीत अपक्ष. आता राज्यभरात दहा हजार लोकांना विचारलं, आणि अगदी आदर्श पद्धतीने निवडून विचारलं, तरी दोन आघाड्यांमधल्या अंतरात दोन्ही बाजूंना सुमारे १.८ टक्क्यांची चूक गृहीत धरावीच लागते. प्रत्यक्षात आपण गावं निवडतो आणि एका गावात वीस-पंचवीस जणांना विचारतो. एका गावातली माणसं एकमेकांसारखं मत देतात, त्यामुळे ही चूक अडीच टक्क्यांच्याही पुढे जाते. खरा फरक अर्ध्या टक्क्याचा, आणि आमच्या मोजपट्टीची चूक अडीच टक्क्यांची. अशा पट्टीने जागा मोजून पडद्यावर एकच आकडा लावणं योग्य नाही, असं मी माझ्या लोकांनाही सांगतो.

हरियाणाचंही तसंच. भाजप ३९.९४ टक्के, काँग्रेस ३९.०९ टक्के, आणि जागा ४८ विरुद्ध ३७. बहुतेक पोलनी काँग्रेसला स्पष्ट बहुमत दिलं होतं. मतांच्या हिशेबाने ही चूक लहान होती, जागांच्या हिशेबाने सगळंच उलटं झालं. उलट आपल्या विधानसभेला, म्हणजे २३ नोव्हेंबर २०२४च्या निकालात, महायुती जवळपास १४ टक्क्यांनी पुढे होती. कोण पुढे हे बहुतेकांनी बरोबर सांगितलं, पण बहुतेकांचा आकडा दोनशेच्या आतच अडकला आणि तिन्ही पक्षांच्या मिळून २३० जागा आल्या. अंतर एवढं वाढलं की काठावरच्या जागा एकामागून एक एकाच बाजूला पडत जातात, आणि तिथे आमचं गणित नेहमी मागे राहतं. २०१५ला दिल्लीत आम आदमी पक्षाला ७०पैकी ६७ जागा मिळाल्या तेव्हाही असंच झालं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: मतांची टक्केवारी विचारा, आणि सोबत चुकीची मर्यादा, म्हणजे तो आकडा किती टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, तेही विचारा. दोन बाजूंमधलं अंतर त्या मर्यादेच्या आत असेल तर जागांच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका, मग सांगणारा कितीही नावाजलेला असो. याच संस्थांपैकी एकीने २०१९ला ३३९ ते ३६५ सांगितलं होतं आणि निकाल त्याच्या आतच आला होता. पद्धत तीच होती, माणसंही तीच होती.

आता फील्डवर काय होतं ते सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे.

एक माजी आमदार मला दर वेळी विचारायचे, "मतदारसंघात तीन लाखांवर मतदार, आणि तुम्ही बाराशे जणांना विचारून निकाल सांगता?" मी म्हणायचो, साहेब, शितावरून भाताची परीक्षा घरात रोजच होते ना? पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही. पडतो तो पातेलं ढवळलं आहे की नाही याने. वरचंच शीत उचललं तर खालचा भात कच्चा आहे की लागला आहे, हे समजणार कसं? सर्व्हेत ढवळणं म्हणजे मतदार यादीतून ठरावीक अंतराने नाव उचलायचं आणि त्याच माणसाला गाठायचं. तो शेतावर असेल तर शेतावर जायचं, संध्याकाळी येणार असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचं. शेजारी ओट्यावर बसलेला आहे म्हणून त्याला विचारायचं नाही. ओट्यावर आणि पारावर बसलेला माणूस नेहमी बोलायला तयार असतो, आणि त्याचं मत गावाचं मत नसतं.

हे महाग पडतं. ज्याच्या घरी तीनदा जावं लागतं त्याचा एक फॉर्म टपरीवर बसून भरलेल्या पाच फॉर्मांच्या किमतीत पडतो. म्हणून काही जण टपरीवरच फॉर्म भरतात. आता टॅबमध्ये जीपीएस असतं, मुलाखतीचा आवाज रेकॉर्ड होतो, त्यामुळे पकडता येतं. पण पकडायला रोज रात्री कुणीतरी बसून ते ऐकावं लागतं. कुठल्याही सर्व्हेवाल्याला भेटलात तर किती टक्के मुलाखतींचा आवाज कुणी ऐकला, एवढं विचारा. मला या एका उत्तरातून त्याच्या कामाची पारख होते.

गेवराईकडच्या एका गावातला प्रसंग आहे. यादीत नाव एका बाईचं. आमची मुलगी गेली, तर उत्तरं नवराच देऊ लागला. बाई म्हणाली, "आमचं काय, मालक म्हणतील तिकडं." मुलगी हुशार होती. तिने पाणी मागितलं आणि बाईच्या मागे स्वयंपाकघरात गेली. आम्ही चिन्हं छापलेली एक चिठ्ठी आणि कापडी पिशवी देतो. मनातल्या चिन्हावर खूण करायची, घडी घालायची, पिशवीत टाकायची, कुणाला दाखवायची नाही. चुलीजवळ बाईने खूण केली, घडी चार पदरी घातली आणि पिशवीच्या अगदी तळाशी सारली. बाहेर आल्यावर पुन्हा म्हणाली, "मालक म्हणतील तिकडं." रात्री त्या गावच्या चिठ्ठ्या मोजल्या. बायकांच्या चिठ्ठ्यांवरचा कौल पुरुषांपेक्षा वेगळा होता. तोंडी विचारलं असतं तर हा फरक आम्हाला दिसलाच नसता.

साखरपट्ट्यात तर धाक आणखी वेगळा असतो. उमेदवार कारखान्याचा चेअरमन, शेतकरी सभासद, ऊस अजून फडात उभा. टॅब घेऊन आलेला अनोळखी पोरगा कुणाकडून आला आहे हे त्याला कसं कळणार? तो चेअरमनचंच नाव घेणार. आणि मागच्या वेळी कुणाला मत दिलं असं विचारलं तर बरेच लोक जो निवडून आला त्याचं नाव सांगतात, हरलेल्याला मत दिलेलं असलं तरी. त्या उत्तरावर वेटेज लावलं, म्हणजे कुणाचं उत्तर किती वजनाने मोजायचं हे त्यावरून ठरवलं, की चूक कमी होण्याऐवजी वाढते. चुकीची मर्यादा म्हणून जो आकडा सांगतात त्यात या कशाचाच हिशेब नसतो. बोलायला नकार देणारे किती आणि कोण, ते बोलणाऱ्यांपेक्षा वेगळं मत देतात का, या प्रश्नाचं नीट उत्तर आजही आमच्यापैकी कुणाकडे नाही.

त्यात वाहिन्यांची घाई. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ प्रमाणे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही. नियम चांगला आहे. पण त्यामुळे सगळे एकाच मिनिटाला आकडा घेऊन उभे राहतात. २०२४ला पहिला टप्पा १९ एप्रिलला झाला, शेवटचा १ जूनला. सहा आठवड्यांची माहिती एका संध्याकाळी, शेजारच्या वाहिनीवर काय चाललंय हे बघत पडद्यावर येते. आपला आकडा सगळ्यांपेक्षा वेगळा असला की भीती वाटते. बिहारमध्ये २०१५ला एका संस्थेने महाआघाडीला १६९ ते १८३ जागा सांगितल्या होत्या. बाकीच्या पोलपेक्षा तो आकडा इतका वेगळा होता की संबंधित वाहिनीने तो दाखवलाच नाही. निकाल आला १७८. आणि चुकीच्या आकड्याची झळ कुणाला बसते ते ४ जून २०२४ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, दिसलं. एक्झिट पोलवर वर चढलेला सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ४,४०० अंकांनी खाली आला.

आता नेत्यांकडे वळतो. त्यांना तंत्रज्ञान कळत नाही असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. वॉर रूम, बूथनिहाय याद्या, व्हॉट्सअॅपचे हजारो ग्रुप, उमेदवाराच्या आवाजात मतदाराचं नाव घेऊन येणारे फोन, हे सगळं ते वापरतात आणि चांगलं वापरतात. गावातला जुना कार्यकर्ता बूथची यादी हातात घेऊन मतदान किती होईल हे जेवढं अचूक सांगतो, तेवढं आमचं मॉडेल सांगत नाही. कमी पडतं ते दुसरीकडेच. शंका नेमकी कुठे घ्यायची हे त्यांना ठाऊक नसतं.

मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघ घ्या. जून २०२४मध्ये शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर तिथे ठाकरेंच्या शिवसेनेच्या अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी जिंकले. गोरेगावच्या मतमोजणी केंद्रात मोबाइल वापरल्याचा गुन्हा दाखल झाला आणि एका वर्तमानपत्राने बातमी दिली की ओटीपीने ईव्हीएम उघडलं. इलॉन मस्क यांनी त्याच सुमारास मतदान यंत्रांवर शंका घेतली होती. झालं, राहुल गांधींसह अनेक नेत्यांनी ती बातमी पुढे पाठवली. आपल्या ईव्हीएमला ना सिम आहे, ना वायफाय, ना कुठली तार बाहेर जाते. ओटीपी लागतो तो 'एन्कोर' नावाच्या निवडणूक आयोगाच्या संगणक प्रणालीत शिरायला. मोजून झालेले आकडे अधिकारी तिथे भरतात. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी हे पत्रकार परिषद घेऊन सांगितलं आणि वर्तमानपत्राने चूक मान्य केली.

त्या निकालात खरोखर बघण्यासारखं काही होतं, ते मात्र फारसं कुणी बघितलं नाही. ईव्हीएमची मतं होती कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४. म्हणजे यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं होती १,५०१ आणि १,५५०. निकाल कागदावरच्या मतांनी फिरला. वाद घालायचाच होता तर बाद झालेल्या टपाली मतपत्रिकांवर घालायला हवा होता. देशभर चर्चा झाली ती ओटीपीची.

आणि हे एकाच पक्षाचं नाही. २००९ला हरल्यावर भाजपने ईव्हीएमवर शंका घेतली होती. त्यांच्याच एका नेत्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला आडवाणींची प्रस्तावना होती. २०१९ला एकवीस विरोधी पक्षांनी निम्म्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर ईव्हीएमला जोडलेलं यंत्र छापतं त्या कागदी चिठ्ठ्या, मोजा म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. अर्जदारांत पुढे होते चंद्राबाबू नायडू, देशातले सर्वांत तंत्रस्नेही मुख्यमंत्री म्हणून ज्यांचं नाव घेतात ते.

त्या व्हीव्हीपॅटच्या मागणीत नमुन्याचं गणित कसं चुकतं हे चांगलं दिसतं. आयोगाने नेमलेल्या समितीत मूळचे इंदूरचे राजीव करंदीकर होते, सीट प्रोजेक्शनच्या, म्हणजे मतांवरून जागा काढण्याच्या गणितातलं आपल्या देशातलं मोठं नाव. समितीने सांगितलं, देशभरातून ४७९ यंत्रं चिठ्ठ्या टाकून निवडली तरी पुरे. नेत्यांनी ओरड केली: लाखो यंत्रं आणि फक्त ४७९? हा त्या माजी आमदारांचाच प्रश्न झाला, पातेलं केवढं आहे याचा. न्यायालयाने मधला मार्ग काढला आणि दर विधानसभा क्षेत्रात एकाऐवजी पाच यंत्रं मोजायला सांगितली. म्हणजे देशभरात वीस हजारांवर.

पण विरोधकांचा एक खरा मुद्दा होता, आणि तो त्यांना मांडता आला नाही. निकाल देशाचा लागत नाही, मतदारसंघाचा लागतो. एका विधानसभा क्षेत्रात तीनशे बूथ असतील आणि त्यातली सहा यंत्रं बिघडलेली असतील, तर पाच यंत्रं तपासून त्यातलं एक तरी सापडण्याची शक्यता दहात एक आहे. एवढी तपासणी कमीच म्हणायची. सगळीकडे पाच किंवा सगळीकडे निम्मी, हे दोन्ही अडाणी नियम आहेत. फरक लाखाचा असेल तर दोन-चार यंत्रं पुरतात, फरक ४८चा असेल तर त्या मतदारसंघातली प्रत्येक चिठ्ठी मोजली पाहिजे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७पासून मतांच्या फरकावरून तपासणीचा आकार ठरवतात. आपल्याकडे हीच मागणी व्हायला हवी होती असं मी तेव्हापासून म्हणतो आहे.

दुसरा रास्त मुद्दा चिन्हांचा. यंत्र कारखान्यातून निघतं तेव्हा कुठल्या बटणावर कोण येणार हे कुणालाच माहीत नसतं, कारण उमेदवारांचा क्रम अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर ठरतो. हा यंत्राच्या बाजूचा भक्कम युक्तिवाद होता. पण व्हीव्हीपॅट आलं आणि उमेदवार ठरल्यानंतर त्यात चिन्हं बाहेरून भरावी लागू लागली. त्यासाठी वेगळं उपकरण असतं. म्हणजे आधी बंद असलेली एक वाट थोडी उघडली. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजायला नकार दिला, पण ही उपकरणं सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायला सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांच्या चिप तपासून घेण्याची मुभाही दिली. सभांतल्या भाषणात मी हा मुद्दा एकदाही ऐकला नाही.

मारकडवाडीबद्दलही विचारतात. माळशिरस तालुक्यातलं हे गाव. २०२४च्या विधानसभेला शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तम जानकर तालुक्यात निवडून आले, पण या गावात भाजपच्या राम सातपुतेंना जास्त मतं पडली. गावकरी म्हणाले, आमच्या गावात असं होऊच शकत नाही, आम्ही ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून दाखवतो. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवलं. गावकऱ्यांची तळमळ खरी होती. पण 'आमच्या गावात असं होऊच शकत नाही' हाही एक अंदाजच आहे, आणि तो पारावरच्या लोकांना विचारून बांधलेला आहे. सगळ्यांच्या नजरेसमोर केलेलं फेरमतदान गुप्त मतदानाची बरोबरी करू शकत नाही. चुलीजवळच्या त्या बाईने उघड्यावर वेगळीच खूण केली असती. मात्र पोलीस उभे करून शंका मिटत नसते. त्या गावातल्या बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या गावासमोर मोजल्या असत्या तर दोन-चार तासांचं काम होतं.

तू कार्यकर्ता आहेस, म्हणून तुझ्या हातातलं एक काम सांगतो. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष फॉर्म १७क भरतो. त्या यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली याचा तो हिशेब असतो, आणि त्याची सहीची प्रत प्रत्येक पोलिंग एजंटला मिळते. निकालानंतर बूथनिहाय मतं फॉर्म २०मध्ये येतात. दोन्ही शेजारी ठेवले की मतदान झाल्यानंतर यंत्रात मतं वाढली की घटली हे शाळकरी मुलालाही तपासता येतं.

एका निवडणुकीनंतर एक पराभूत उमेदवार माझ्याकडे आले. मतं वाढली आहेत, सर्व्हे करून सिद्ध करून द्या, म्हणाले. मी म्हटलं, सर्व्हे नको, १७क आणा. तीनशेवर बूथ होते. दोन दिवसांनी त्यांचा माणूस एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. काही फॉर्म घामाने चुरगळलेले, एकावर चहाचा डाग. मोजले तर एकेचाळीस. आम्ही ते टेबलावर पसरले आणि फॉर्म २०च्या आकड्यांशी एकेक करून जुळवले. एकेचाळीसच्या एकेचाळीस जुळले. साहेब बराच वेळ त्या कागदांकडे बघत बसले. मग खिशातून फोन काढला, पहिल्या बूथच्या एजंटाला लावला आणि विचारलं, "तुझा १७क कुठंय?"